फॅरेडेची पूर्व-पश्चिम

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांची दोन दिवसांची कार्यशाळा भरली होती. आमच्या प्रयोगशाळेतले आम्ही तिघे तेथे विद्युत घटांचा पाठ घेऊन गेलो होतो. साहित्य अगदी साधे. एक मोठे लिंबू, जुन्या सेलमधून कापून काढलेली जस्ताची पट्टी, तांब्याची जाड तार आणि एक मल्टिमीटर. तांब्याला मीटरची लाल वायर, जस्ताला काळी. काटा नऊ-दशांश व्होल्टच्या आसपास जाऊन थांबला. म्हणजे तांबे धन आणि जस्त ऋण. येथपर्यंत सर्व ठीक चालले होते.

मग आम्ही फळ्यावर लिहिले, की जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतात, म्हणजे जस्ताचे ऑक्सिडीकरण होते. आणि ज्या टोकाशी ऑक्सिडीकरण होते तो ॲनोड, आपल्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत धनाग्र. मागच्या बाकावरच्या एक बाई उभ्या राहिल्या. "सर, मीटर म्हणतो जस्त ऋण. तुम्ही म्हणता जस्त धनाग्र. मग धनाग्र ऋण असतो असे मुलांना सांगायचे का?"

आम्ही म्हणालो, "बाई, तो एक संकेत आहे. लक्षात ठेवायचा." बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून त्या खाली बसल्या. परतीच्या एस.टी.त मात्र आम्हा तिघांनाही चैन पडेना. आमचे उत्तर चुकीचे नव्हते, पण ते उत्तरच नव्हते. धातूंच्या गंजण्यावर काम करणारी आम्ही माणसे ॲनोड हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात आणतो. त्याचा अर्थ काय, तो कोणी व का घडवला, हे आमच्यापैकी एकालाही नीट सांगता येत नव्हते. त्यानंतर थोडे वाचन केले, त्यातून हाती लागले ते येथे मांडत आहोत.

ही हकीकत ॲनोडपासून सुरू करता येत नाही. तिची सुरुवात ऑक्सिजनपासून करावी लागते, कारण शब्द घडवताना काय टाळायचे हे शास्त्रज्ञ ऑक्सिजनमुळे शिकले.

अठराव्या शतकातल्या रसायनशास्त्रातली नावे आपल्याकडच्या मोरचूद, हिराकस, नवसागर, टाकणखार यांच्या जातीची होती. नाव ऐकून पदार्थाचा रंग, चव किंवा फार तर जन्मगाव कळावे. तो कशाचा बनला आहे ते कळू नये. हिराकसात लोखंड आहे हे हिराकस या शब्दातून कसे समजणार? १७८७ साली पॅरिसमध्ये गिताँ द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फूर्क्रुआ या चौघांनी मिळून नावांची एक नवी पद्धत प्रसिद्ध केली. संयुगाच्या नावातच त्याचे घटक आले पाहिजेत, हे तिचे सूत्र. आज नववीतला मुलगा कॉपर सल्फेट, झिंक ऑक्साइड म्हणतो तो या चौघांच्याच व्याकरणाने. जुन्या नावांच्या जंगलातून काढलेला हा राजरस्ता होता, यात शंका नाही.

पण त्या रस्त्यात एक खड्डा राहिला. १७७४ मध्ये प्रिस्टलीने पाऱ्याची लाल राख तापवून जो वायू मिळवला (शेलेने तो स्वतंत्रपणे त्याच्याही आधी मिळवला होता), त्याला लाव्हाझिए प्रथम 'प्राणदायी हवा' अशा अर्थाच्या नावाने ओळखत असे. पुढे त्याची अशी समजूत झाली की प्रत्येक आम्लात हा वायू असतो व त्याच्यामुळेच पदार्थ आम्ल बनतो. म्हणून त्याने ग्रीक धातूंवरून नवे नाव बनवले, ऑक्सिजन, म्हणजे आम्ल निर्माण करणारा. नावातच सिद्धान्त घातला.

सिद्धान्त फार काळ टिकला नाही. मिठापासून मिळणाऱ्या आम्लात, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन असलाच पाहिजे असे त्या काळचे रसायनज्ञ धरून चालत. त्या आम्लापासून मिळणाऱ्या हिरवट वायूला ते 'ऑक्सिजनयुक्त आम्ल' समजून तशाच अर्थाच्या नावाने ओळखत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने त्या वायूतून ऑक्सिजन बाहेर काढण्याची पराकाष्ठा केली. तो निघेना, कारण तो तेथे नव्हताच. १८१० साली डेव्हीने जाहीर केले की हा वायू एक मूलद्रव्य आहे. आता याला नाव काय द्यावे? डेव्हीने मुद्दाम असे नाव निवडले की ज्यात कोणतेच मत नाही. वायूचा रंग फिकट हिरवा-पिवळा, त्या रंगाचा ग्रीक शब्द घेऊन तो म्हणाला क्लोरीन. उद्या याच्याविषयीची सगळी मते बदलली तरी याचा रंग काही बदलणार नाही, हा त्यामागचा हिशेब.

ऑक्सिजनचे नाव मात्र चुकीचे ठरूनही राहिले. जर्मन भाषेने त्याचे शब्दशः भाषांतर केले, रशियन भाषेने केले, आणि आपल्याकडे बंगालीत 'अम्लजान' हा शब्द रूढ झाला. मराठीने हे केले नाही. आपण प्राणवायू म्हणालो, म्हणजे लाव्हाझिएने टाकून दिलेल्या जुन्या नावापाशी नकळत जाऊन पोहोचलो. (मराठीने प्रत्येक वेळी असे नशीब काढले आहे असे नाही. शिवाय या शब्दाची अडचण निराळी आहे: योगशास्त्रातले प्राण, अपान, व्यान, उदान, समान ज्याने ऐकले आहेत, त्या मुलाला प्राणवायू पाच वायूंपैकी एक वाटतो. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द त्या मानाने नशीबवान. त्यांच्याशी कोणताही जुना अर्थ चिकटलेला नसल्याने ते खताच्या पोत्यावरून थेट शेतकऱ्याच्या बोलण्यात गेले.)

डेव्हीच्या हाताखाली १८१३ पासून एक मदतनीस होता. लोहाराचा मुलगा, शिक्षण जेमतेम, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. बांधायला आलेली पुस्तके वाचून विज्ञानाकडे वळलेला हा मायकेल फॅरेडे. गुरूने नावाच्या बाबतीत घेतलेली काळजी त्याने जवळून पाहिली होती, आणि वीस वर्षांनी तोच प्रश्न त्याच्यासमोर उभा राहिला.

१८३३-३४ मध्ये फॅरेडे विजेने होणाऱ्या रासायनिक विघटनाचे प्रयोग करत होता. द्रावणात दोन धातूच्या पट्ट्या सोडायच्या, त्या विद्युत घटाला जोडायच्या. एका पट्टीशी एक पदार्थ निघतो, दुसरीशी दुसरा. या पट्ट्यांना तेव्हा धन ध्रुव आणि ऋण ध्रुव म्हणत. ध्रुव हा शब्द लोहचुंबकाकडून आलेला. चुंबकाचा ध्रुव जसा लोखंडाचा कीस ओढतो, तसे हे ध्रुव द्रावणातल्या पदार्थाचे तुकडे स्वतःकडे ओढून घेतात, असे चित्र त्या शब्दामुळे डोळ्यांपुढे उभे राही. फॅरेडेच्या प्रयोगांना हे चित्र मान्य नव्हते. त्याने दाखवले की धातूची पट्टी द्रावणाला टेकलेली नसली, मध्ये नुसती हवा असली, तरीही विघटन होते. ओढणारा ध्रुवच जागेवर नाही आणि काम मात्र चालू आहे. त्याच्या मते ते टोक ओढत नव्हते. विजेला द्रावणात शिरायला किंवा द्रावणाबाहेर पडायला ते केवळ एक दार होते.

म्हणून त्याला ध्रुव हा शब्द नको होता. धन आणि ऋण हेही नको होते. वीज म्हणजे एक द्रव की दोन, ती कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला वाहते, हे तेव्हा ठरलेले नव्हते आणि आपण आज जे मानतो ते उद्या उलटेही ठरेल, याची त्याला जाणीव होती. त्याला हवी होती अशी नावे, की जी अशा उलथापालथीनंतरही उभी राहतील. व्हिटलॉक निकोल या वैद्य मित्राच्या मदतीने काही शब्द तयार झाले. त्यांतला इलेक्ट्रोड, म्हणजे विजेची वाट, आणि इलेक्ट्रोलाइट, म्हणजे विजेने सुटा होणारा, हे आजही आपल्याजवळ आहेत. अडले ते दोन दारांच्या नावांपाशी. आत येण्याची वाट, बाहेर जाण्याची वाट अशा अर्थाची एक जोडी होती, तिने त्याचे समाधान होईना.

तेव्हा त्याने एक युक्ती योजली. ती पाहून आम्ही चकित झालो. आंपेअरचे म्हणणे असे होते की पृथ्वीचे चुंबकत्व तिच्याभोवती फिरणाऱ्या विद्युत प्रवाहांमुळे आहे. तसे असेल तर ते प्रवाह रूढ संकेतानुसार पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्या वाटेने, वाहत असले पाहिजेत. फॅरेडे म्हणाला, आपले द्रावणाचे भांडे मनातल्या मनात असे ठेवू या, की त्यातला प्रवाहही पृथ्वीच्या प्रवाहाला समांतर, पूर्व-पश्चिम वाहील. मग ज्या टोकाशी प्रवाह द्रावणात शिरतो ते पूर्वेचे, जेथून बाहेर पडतो ते पश्चिमेचे. प्रवाहाची दिशा उद्या उलटी मानावी लागली तर पृथ्वीच्या प्रवाहाचीही मानावी लागेल, आणि भांड्यातली पूर्व पूर्वच राहील.

कल्पना सुरेख, पण नावे? इंग्रजीतल्या पूर्व-पश्चिम या शब्दांना शेपूट जोडून त्याने एक जोडी करून पाहिली; ती कानाला सहन होईना. फॅरेडेला ग्रीक येत नव्हते. २४ एप्रिल १८३४ रोजी त्याने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या विल्यम ह्यूएलला पत्र लिहून आपली अडचण सांगितली.

ह्यूएल हा एका सुताराचा मुलगा. गणित, खनिजशास्त्र, भरती-ओहोटी, विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान असा त्याचा चौफेर संचार. आणि शब्द पाडून देण्यात त्याचा हातखंडा. भूगर्भशास्त्रज्ञ लायेलला इओसीन, मायोसीन, प्लायोसीन ही नावे त्यानेच सुचवली होती. त्याचे उत्तर दुसऱ्याच दिवशी गेले. सूर्य पूर्वेला वर चढतो, म्हणून वर जाण्याची वाट ती ॲनोड; पश्चिमेला खाली उतरतो, म्हणून खाली जाण्याची वाट ती कॅथोड. पुढच्या पत्रात आणखी एक सूचना आली: ॲनोडकडे जाणारा तो ॲनायन, कॅथोडकडे जाणारा तो कॅटायन, आणि दोघांना मिळून आयन, म्हणजे नुसताच 'जाणारा'.

फॅरेडेला लगेच धीर झाला नाही. लंडनच्या मित्रांनी त्या शब्दांवर बरीच टीका केली. बाप, मुलगा आणि गाढवाच्या गोष्टीतल्यासारखी आपली गत झाली होती, पण तुमच्या नावाची ढाल पुढे करताच विरोध विरघळला, असे त्याने मे महिन्यात ह्यूएलला मोठ्या खुशीत कळवले. छापलेल्या निबंधात हे शब्द आले आणि जगभर गेले.

त्याची धास्ती व्यर्थ नव्हती, हे पुढे दिसले. १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉनचे अस्तित्व दाखवले आणि कळले की तारेतून खरोखर सरकणारे कण रूढ प्रवाहाच्या उलट दिशेने जातात. ॲनोड-कॅथोड या शब्दांना या शोधाचा धक्काही लागला नाही. उलट ज्या किरणांतून इलेक्ट्रॉन सापडला त्यांचेच नाव कॅथोड किरण होते.

आता आपल्या लिंबाकडे पाहा. बाहेरच्या तारेतून रूढ प्रवाह तांब्याकडून जस्ताकडे येतो, आणि लिंबाच्या आत तो जस्तापासून तांब्याकडे जातो. लिंबाच्या दृष्टीने प्रवाह आत शिरतो तो जस्ताशी. म्हणून जस्त हा ॲनोड. विद्युत अपघटनाच्या भांड्यात प्रवाह बाहेरच्या घटाच्या धन टोकाला जोडलेल्या पट्टीतून द्रावणात शिरतो, म्हणून तेथे ती पट्टी ॲनोड. एका ठिकाणी ॲनोड ऋण, दुसऱ्या ठिकाणी धन. दोन्ही ठिकाणी ऑक्सिडीकरण त्याच्याच पाशी. शब्दात कोठेही विसंगती नाही, कारण त्या शब्दाने धन-ऋणाविषयी काही सांगण्याचे मुळातच नाकारले होते.

विसंगती आपण मराठीत आणली. धनाग्र म्हणजे धन टोक. दहावीच्या पुस्तकातल्या विद्युत अपघटनात ते चालून जाते, कारण तेथे ॲनोड योगायोगाने धन असतो. घटाचा पाठ आला की शब्द मोडतो. फॅरेडेने ज्या दोन गोष्टी मोठ्या कष्टाने बाहेर काढल्या, धनपणा आणि टोकपणा, नेमक्या त्याच दोन आपल्या शब्दात परत येऊन बसल्या आहेत. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पारदर्शक शब्द असावा, मुलाला ऐकताच अर्थ कळावा, ही त्यांची इच्छा आमचीही आहे. पण लाव्हाझिएलाही हेच हवे होते.

ह्यूएलचे आणखी दोन शब्द शिक्षकांच्या रोजच्या कामातले आहेत, आणि त्यांचा संबंध विज्ञानाच्या शाखांशी आहे. जून १८३३ मध्ये ब्रिटिश असोसिएशनची सभा केंब्रिजला भरली होती. निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या सर्वांना तोपर्यंत तत्त्वज्ञच म्हणत. भौतिकशास्त्राला वेगळे नाव रूढ नव्हते, ते निसर्गाचे तत्त्वज्ञान. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथाच्या नावातही तेच शब्द आहेत. सभेत वृद्ध कवी कोलरिज उठला आणि म्हणाला की खडक फोडणाऱ्यांना आणि बॅटऱ्या जोडणाऱ्यांना हे नाव शोभत नाही. तेव्हा आर्टिस्टच्या धर्तीवर सायंटिस्ट म्हणावे, अशी सूचना ह्यूएलने केली. ती कोणाला रुचली नाही. १८३४ मध्ये मेरी सॉमरव्हिल यांच्या भौतिक विज्ञानांच्या परस्परसंबंधांवरील पुस्तकाचे परीक्षण लिहिताना त्याने हा शब्द प्रथम छापला. त्या परीक्षणातली त्याची खंत वाचण्यासारखी आहे: विज्ञानाचे तुकडे पडत चालले आहेत, गणितज्ञ रसायनज्ञाकडे पाठ फिरवतो, आणि सर्वांना मिळून एक नावही उरलेले नाही. म्हणजे आपण ज्याला विज्ञानाच्या मुख्य शाखा म्हणून पहिल्याच पाठात शिकवतो, त्या तेव्हा नुकत्या फुटत होत्या. बायॉलॉजी हा शब्द लामार्क आणि ट्रेव्हिरानुस या दोघांनी आपापल्या ग्रंथांत नेटाने मांडला तो १८०२ मध्ये. वनस्पती आणि प्राणी यांना एका छत्राखाली आणणारे जीवशास्त्र, फॅरेडेपेक्षा वयाने लहान!

१८४० मध्ये ह्यूएलने सायंटिस्टबरोबर फिजिसिस्ट हा शब्दही मांडला. एकाच शब्दात 'इ' तीन वेळा येतो, हा आपल्याला उच्चारता येणार नाही, असे फॅरेडेने त्याला साफ कळवले. त्याचे कारण केवळ जिभेचे नसावे असे आम्हाला वाटते. १८२५ मध्ये बेंझीन शोधणारा आणि १८३१ मध्ये विद्युत चुंबकीय प्रवर्तन शोधणारा हा माणूस कोणत्या शाखेत बसवायचा? आजही तो रसायनाच्या पुस्तकात एकदा आणि भौतिकीच्या पुस्तकात एकदा भेटतो, आणि दोन्हीकडच्या फॅरेडेत काही नाते आहे हे मुलांच्या ध्यानात येत नाही. ते आणून देणे शिक्षकांच्याच हाती आहे.

मराठीत या शाखांची नावे याच सुमारास बसू लागली. १८४० मध्येच मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दिग्दर्शन' मासिक सुरू झाले व मराठी वाचकाला विज्ञानाचे विषय मराठीत भेटू लागले. सायंटिस्टवर जसा वाद झाला तसा आपल्याकडे झाला नाही, कारण शास्त्र हा शब्द तयार होता. व्याकरण, ज्योतिष, पाककृती सगळेच शास्त्र. विज्ञान हा शब्द त्याहून नेमका, आणि तोही जुना. ज्ञानेश्वरांनी सातव्या अध्यायात आत्मज्ञानाहून वेगळे असे प्रपंचाचे ज्ञान ते विज्ञान, असा भेद केलेला आहे. परंतु शास्त्राच्या सैलपणाची किंमतही आपण मोजतो. हस्तसामुद्रिक हेही शास्त्र कसे नाही, असा प्रश्न वर्गात आला की शिक्षकाला आधी शब्द आवरावा लागतो आणि मग विषय.

असो. पुढच्या वर्षी त्याच तालुक्यात आम्ही पुन्हा गेलो आणि ही हकीकत सांगितली. धनाग्र हा शब्द पुस्तकात आहे तोवर परीक्षेत तोच लिहायचा. पण घट शिकवताना ॲनोड म्हणावे आणि प्रवाह कोठे शिरतो ते बोटाने दाखवावे, अशी आमची सूचना होती.

बाई त्या वेळीही आल्या होत्या. दुपारी त्यांनी आम्हाला आपल्या शाळेत नेले. टेबलावर खडूने एक मोठा बाण काढलेला होता. एका टोकाला पूर्व, दुसऱ्याला पश्चिम. बाणावर बशीत लिंबू, जस्त पूर्वेला, तांबे पश्चिमेला. एका मुलाने विचारले, "बाई, मोबाइल चार्जिंगला लावला की आतला प्रवाह उलटा होतो ना? मग?"

बाईंनी बशी धरून अर्धी फिरवली. "मग असे," त्या म्हणाल्या. "सूर्य नाही हलवायचा."